वेतवाल्यांच्या घरातलं 'नको'

मधलीला खुर्चीवर बसलेल्या माणसाआधी खुर्ची दिसते. याला ती तरी काय करणार? वडील वेताच्या खुर्च्या विणायचे, त्यांच्या हाताखाली ती शिकली, आणि आता केस पांढरे झाले तरी तेच करते आहे. एकदा कोणाच्या तरी लग्नाला गेली. सगळे नवरानवरीकडे बघताहेत आणि हिची नजर समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर. "वरून नुसतं चकचकीत, खाली सगळं सैल," असं ती पुटपुटली. शेजारच्या बाईला वाटलं, ही नवऱ्या मुलाबद्दलच बोलतेय. तिने लगेच खुर्ची जवळ ओढून विचारलं, "का हो, काय ऐकलंत तुम्ही?"

तिला नाव आहे, पण ते वापरतं कोण? तीन भावंडांत मधली म्हणून मधली. थोरला भाऊ, म्हणजे दादा, 'मधले' अशी हाक मारतो. धाकटा तिला ताई म्हणतो. गिऱ्हाइकांच्या तोंडी ती 'वेतवाल्या बाई'.

घर गल्लीच्या वळणावर. खाली रस्त्याच्या बाजूला कामाची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि एक अरुंद सज्जा. कामाच्या खोलीचा दरवाजा मुद्दाम रुंद केलेला, सोफासुद्धा सरळ आत यावा म्हणून. उत्तरेला मोठी खिडकी, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा राहतो आणि डोळ्यांवर ऊन येत नाही. कोपऱ्यात दगडी टाकी. वेताच्या पट्ट्या त्या टाकीत भिजत पडलेल्या असतात, कारण कोरडा वेत वाकवला की तुटतो आणि भिजलेला म्हणाल तसा वळतो. टाकीपासून मोरीपर्यंत फरशीला उतार आहे, तो वडिलांनी स्वतः दिलेला. मधली स्टुलावर बसते, खुर्चीचा सांगाडा मांडीशी घेते आणि चौकटीच्या भोकांतून पट्टी ओवायला लागते. आधी उभे धागे, मग आडवे, मग पुन्हा उभे, मग आडव्यांची गुंफण, आणि शेवटी दोन्हीकडून तिरके. पट्टी सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकायची. बोटांना पट्टीची धार लागते, ती लागायचीच. बैठक विणून झाली आणि वाळली की अशी ताणून बसते की तिच्यावर टिचकी मारली तर वाजते. ती टिचकी मारण्यासाठी मधली सकाळी डोळे उघडते, असं म्हटलं तरी चालेल.

आता या घराची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

या घरात कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'नको, खरंच नको'. तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, एवढं म्हणताय तर' असं म्हणून ताट पुढे करायचं. ही रीत वडिलांनी घातलेली. ते लहानपणी मामाकडे वाढले होते, आणि तिथे मागून घेतलेला प्रत्येक घास त्यांना पुढे कितीतरी वेळा ऐकवला गेला होता. तेव्हापासून पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा माणूस हावरट, असं त्यांचं पक्कं मत झालं. मुलांना त्यांनी कधी मारलं नाही, पण कोणी 'मला हवं' म्हणालं की ते नुसतं बघायचे. ते बघणं मारापेक्षा जास्त लागायचं.

घरातल्या घरात काही अडायचं नाही. प्रत्येक जण तीनदा विचारायचा, प्रत्येक जण तिसऱ्यांदा घ्यायचा, जेवायला जरा वेळ लागायचा एवढंच. पंचाईत व्हायची ती बाहेरच्यांशी. एकदा वडील दाढ धरून दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, "फार दुखतंय का?" वडील म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी हत्यारं ठेवून दिली, पुढच्याला आत बोलावलं. वडील सुजलेला गाल घेऊन घरी आले आणि संध्याकाळभर डॉक्टर कसा अडाणी आहे ते सांगत बसले.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आल्या. वहिनींच्या माहेरी प्रश्न एकदाच विचारत आणि उत्तरही एकदाच देत. पहिल्या रात्री त्या हौसेने वाढायला उभ्या राहिल्या. "बटाटे?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं. "नको." सासूबाईंना विचारलं. "नको." मधली, "नको." धाकटा तेव्हा वाढत्या वयाचा, भुकेने कळवळलेला, तोही "नको". वहिनींनी भांड्यावर झाकण घातलं, स्वतः पोटभर जेवल्या आणि शांत झोपल्या. बाकी सगळं घर त्या रात्री पाणी पिऊन झोपलं. सकाळी सासूबाई धाकट्याला म्हणाल्या, "मनाने वाईट नाहीये रे ती. तिला फक्त विचारता येत नाही."

पुढे दादाने परगावच्या एका कंपनीत हिशेबनिसाची नोकरी धरली आणि तो वहिनींसह तिकडेच राहिला. धाकटा शहरातल्या बसवर ड्रायव्हर झाला, लग्न करून भाड्याच्या जागेत गेला. मधली राहिली घरातच. तिचं लग्न झालं नाही. लोक वेगवेगळी कारणं सांगतात, पण खरं कारण अगदी साधं होतं. एका शाळेत ती खुर्च्या दुरुस्त करायला जायची. तिथल्या चित्रकलेच्या मास्तरांनी एक दिवस, कानशिलं लाल करून, तिला विचारलं की माझ्याशी लग्न कराल का. ती म्हणाली, "नको." मास्तर फार सभ्य माणूस. त्यांनी तिची माफी मागितली आणि पुन्हा म्हणून विषय काढला नाही. ती वाट बघत राहिली. मास्तरांची बदली झाली तरी वाट बघत राहिली. याचं तिला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि अजून वाटतं. हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? मला हवा होता म्हणून सांगायचं?

वडील गेले, मागोमाग आई गेली. घर तिघांच्या नावावर, सारख्या वाट्याने. दादा नुकताच नोकरीतून मोकळा झाला होता. तो आणि वहिनी आले, धाकटा आला, आणि सगळे कामाच्या खोलीतच बसले, कारण खुर्च्या काय त्या तिथेच. मधलीच्या हातात एका आरामखुर्चीचं काम होतं, ते ती अर्धवट टाकू शकत नव्हती. ओली पट्टी वाळून चालत नाही.

विषय वहिनींनीच काढला. "तुम्हाला ही खालची खोली हवी आहे का?" त्यांनी मधलीला विचारलं. "हवी असेल तर तसं ठरवू या."

विचारणं सरळ होतं. वहिनींच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मधलीलाही ठाऊक होतं. पण तिच्या तोंडून शिंक यावी तसं "नको" बाहेर पडलं. मग ती हातातली पट्टी पुसत पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली.

पुढचा प्रश्न आला नाही. दादाचा चेहरा एकदम उजळला. इतका मोकळा चेहरा त्याचा मधलीने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "चला! फार बरं झालं," तो म्हणाला आणि धाकट्याकडे वळला. "तुला रे?"

"मला काय? मला काही नको," धाकटा म्हणाला. "तुम्ही ठरवाल तसं."

"मलाही नको," दादा म्हणाला.

आता तिघांपैकी एकालाही नको असलेल्या घराचं माणसाने करायचं तरी काय? संध्याकाळपर्यंत ते विकायचं ठरलं.

घ्यायला एक गृहस्थ तयार झाले. त्यांची औषधांची दुकानं होती, इथे आणखी एक काढायचं होतं. माणूस नम्र होता. खोलीभर फिरले, खिडकीचं कौतुक केलं, आणि दगडी टाकीला बुटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करून म्हणाले, "हे आधी काढून टाकू." टाकीत पट्ट्या भिजत होत्या. मधलीने त्यांना पाणी विचारलं, ते हो म्हणाले, तिने आणून दिलं. ते गेल्यावर ती टाकीच्या कठड्यावर बसून राहिली आणि त्या दिवशी तिच्या हातून काहीच काम झालं नाही.

कागद तयार झाले. दादाने सही केली, धाकट्याने केली. मधलीची राहिली.

"ताई, सही?"

"बघू."

आठवड्याने पुन्हा तेच. "बघू." महिन्याने दादाचा फोन. "बघू." असं करत वर्ष होत आलं आणि घराचं भिजत घोंगडं तसंच राहिलं. तुम्ही म्हणाल, मग तोंड उघडून सांगायचं ना बाईने, की मला खोली हवी आहे! अहो, हेच तर. ज्या बाईने आयुष्यात बटाटा मागितला नाही, तिने एकदम अख्खी खोली कशी मागायची? तेही तिघांच्या मालकीच्या घरातली, भावांनी सह्या केल्यावर? ती मनातल्या मनात रोज मागत होती. पट्टी ओवताना वाक्य जुळवायची, "दादा, ऐक ना, मला असं वाटतं", आणि इथवर आली की वडिलांचं ते बघणं आठवायचं.

धाकट्याचा मात्र तोल गेला. घर विकलं जाणार या भरवशावर त्याने एका नव्या जागेचा विसार भरला होता, तो बुडाला. राहत्या जागेचा मालक वेगळा कटकट करत होता. त्याची बस रोज गल्लीच्या तोंडाशी वळते. पूर्वी वळताना तो ताईसाठी हॉर्न वाजवायचा, प्रवासी दचकायचे. आता बस गुपचूप वळून जायला लागली. मधलीला बसचा आवाज ओळखता यायचा, आणि हॉर्न न वाजता तो आवाज दूर गेला की हातातली पट्टी तशीच धरून ती दाराकडे बघत राहायची.

आणि मग समोरच्या न्हाव्याने तिच्या कानावर घातलं. त्याच्याकडे सगळ्या गल्लीची खबर असते. "बाई, तुमच्या धाकट्या भावाची दाढी करत होतो काल. म्हणत होता, ताईला जास्त वाटा हवाय म्हणून सही अडवलीय. मी आपलं तुम्हाला सांगितलं. माझं नाव घेऊ नका."

"नाही घेणार," मधली म्हणाली. घरात येऊन तिने दार लोटलं. जन्मभर जी हावरट दिसू नये म्हणून उपाशी राहिली, तिला तिच्याच भावाने गल्लीत हावरट ठरवलं होतं. आणि त्याचं तरी काय चुकलं? न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते लोकांनी कशावरून ओळखायचं? हे तिलाही कळत होतं, म्हणून तिला धाकट्याचा धड रागही येईना. नुसतं रडू आलं.

कोर्टात जाण्याआधी एकदा मध्यस्थासमोर बसू, असं दादाने सुचवलं. स्टेशनरीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, एका बाईंचं ऑफिस होतं. भावाबहिणींचे, भागीदारांचे, शेजाऱ्यांचे तंटे मिटवणं हाच त्यांचा व्यवसाय. लांबट टेबल, कोपऱ्यात पाण्याचा जार, खिडकीला उन्हाने विटलेला पडदा. खुर्च्या फोमच्या होत्या, म्हणजे मधलीच्या हिशेबी खुर्च्याच नव्हत्या. एका बाजूला दादा आणि वहिनी, समोर धाकटा, आणि मधली टोकाला, दाराजवळ. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

मध्यस्थ बाई बारीक चणीच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी नियम सांगितला: मी विचारीन, ज्याला विचारलंय त्यानेच बोलायचं. मग एकेकाला घेतलं. दादा म्हणाला, मला भांडण नको आहे, फक्त हे एकदाचं मार्गी लागू दे. धाकट्याने विसाराचं सांगितलं, जागामालकाचं सांगितलं, बोलता बोलता आवाज चढला, मग स्वतःच पाणी प्यायला.

"आता तुम्ही," बाई मधलीला म्हणाल्या. "तुमची काही अट आहे?"

"अट कसली?"

"जास्त वाटा हवा आहे?"

"नको," मधली म्हणाली. हा 'नको' अगदी खरा होता, पण तो काही वेगळा ऐकू येत नाही.

"मग सहीला अडचण काय?"

"बघू."

"'बघू' हे मला उत्तर म्हणून धरता येत नाही." बाईंनी वाट पाहिली. बरीच पाहिली, त्यांना दोष देता येणार नाही. बाहेरच्या बाकावर पुढची मंडळी येऊन बसली होती, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. शेवटी बाईंनी चष्मा सारखा केला. "ठीक आहे. तुमची काही हरकत नाही असं मी धरते." आणि त्या धाकट्याकडे वळल्या.

झालं. विचारून झालं, भांड्यावर झाकण पडलं. मधलीला एकाएकी कळलं की आता दुसऱ्यांदा कोणीही विचारणार नाही. आज नाही, उद्या नाही, टाकी फोडायला माणसं येतील तेव्हाही नाही.

"मला ती खोली हवी!"

आवाज भलताच मोठा निघाला. बाहेरचा खोकला थांबला.

"काय?" दादा म्हणाला.

"खालची खोली. मला हवी आहे. विकायची नाही मला ती." तिचे कान तापले होते. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती, पण आता शब्द सुटले होते ते सुटलेच. "मला जास्त वाटा नको, वरचं काही नको. मला तिथे काम करायचंय. हात चालतील तोवर करायचंय."

सगळ्यांच्या आधी वहिनी सावरल्या. "पण मी तुम्हाला विचारलं होतं! समोर बसून विचारलं होतं. तुम्ही स्वच्छ नको म्हणालात."

"तुम्ही एकदाच विचारलंत, वहिनी."

 मग धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला आणि तो हसायला लागला. खो-खो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे देवा. ताई, अगं ताई! वर्षभर? वर्षभर तू दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसलीस?" मध्यस्थ बाईंच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून त्याने त्यांना घरची रीत समजावली. दातांच्या डॉक्टरची गोष्टही सांगितली.

बाईंनी समोरचे कागद एकदा चाळले. "म्हणजे या सगळ्यात जेवढे 'नको' आहेत ते..."

"त्यातला एकही धरू नका," धाकटा म्हणाला. "माझासुद्धा. मला वरचा मजला हवा होता हो. पोरं तिथे वाढावीत असं फार वाटायचं. पण दादाला विकायचंच आहे असं दिसलं, मग थोरल्या भावासमोर कुठे आडवं यायचं?" मग तो मधलीकडे वळला. हसू ओसरलं होतं. "ताई, मी तुझ्याबद्दल वाईट बोललोय लोकांत."

"माहीत आहे," मधली म्हणाली.

"न्हाव्याने सांगितलं?"

"मी नाव घेणार नाही म्हटलंय."

वहिनींचं या कशाकडे लक्ष नव्हतं. त्या आपल्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. संसाराची इतकी वर्षं त्या या माणसाला एकदाच विचारत आल्या होत्या. सहलीला येता का, नको. नवा कोट घेऊ या का, नको. असे किती तरी. त्यांनी प्रत्येक वेळी झाकण घातलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते घर हवंय का?"

"नको," दादा म्हणाला.

वहिनींनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. दुसऱ्यांदा विचारायची त्यांना सवय नव्हती, जीभ वळत नव्हती. "हवंय का?"

"नको गं."

त्यांनी मधलीकडे पाहिलं. "अजून एकदा," मधली हळूच म्हणाली.

"निवृत्तीनंतर तुम्हाला तिथे राहायला जायचं होतं का? खरं सांगा. मी चिडणार नाही."

धाकटा पुढे झुकला. मध्यस्थ बाईही पुढे झुकल्या, त्यांच्या नियमात ते बसत नसावं. दादाने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "हा खरा आहे. तुझ्या बाबतीत सगळेच खरे होते गं, तुझ्याशी लग्न केल्यावर मी ती रीत सोडूनच दिली. मला ते घर कधीच नको होतं."

मग तो बोलला. दादाला एवढं सलग बोलताना मधलीने कधी ऐकलं नव्हतं. त्याला वेताच्या वासाने अजून मळमळतं. शाळेतून आलं की वडील त्याला टाकीपाशी बसवायचे, पट्ट्या निवडायला लावायचे. बोटं चिरलेली असायची, तीच पुन्हा पाण्यात. आपल्याला हे जमत नाही, आवडत नाही, हे सांगायची सोय नव्हती. मिळेल ती नोकरी धरून तो पळाला, आणि त्याच्या जागी मधली बसली.

"मी सुटलो आणि ही माझ्यामुळे अडकली, असं मला वाटायचं," तो मध्यस्थ बाईंना सांगत होता, कारण मधलीकडे बघणं त्याला जमत नव्हतं. "दर वेळी आलो की हिच्या बोटांकडे लक्ष जायचं. त्या दिवशी ही नको म्हणाली आणि मला वाटलं, सुटली बिचारी! इतका आनंद झाला की पुन्हा विचारायचं सुचलं नाही." तो थांबला. मग मधलीकडे वळला. "सुचलं नाही असं नाही, मधले. रीत मी विसरलो नव्हतो. पण दुसऱ्यांदा विचारलं आणि तू हो म्हणालीस तर काय, म्हणून नाही विचारलं."

मधलीने टेबलाची कड सोडली. वर्षभर तिने त्याला मनात किती बोल लावले होते. लांब राहून माणूस परका झाला, वहिनींच्या वळणावर गेला, घर म्हणजे त्याला नुसता व्यवहार वाटतो. आणि हा तिच्या बोटांकडे बघत होता.

पुढचं मध्यस्थ बाईंनी भराभर उरकलं. बाहेरच्या मंडळींना त्यांनी चहा मागवून दिला आणि आमच्या या चौघांना बजावलं की या टेबलावर प्रश्न एकदाच विचारला जाईल आणि पहिलंच उत्तर मोजलं जाईल. धाकट्याचं पहिलं उत्तर तरीही "नको" आलं, बाईंनी नुसतं बघितलं, त्याने दुरुस्त केलं. वरचा मजला धाकट्याला. दादाचा वाटा तो जमेल तसा फेडेल. खालचं स्वयंपाकघर आणि कामाची खोली मधलीची. वरची झोपायची खोली आणि संध्याकाळी बसायचा सज्जा यांच्यावर तिला पाणी सोडावं लागणार होतं. सज्ज्याचं तिला वाईट वाटलं, आणि तसं ती मोठ्याने म्हणालीही. धाकटा म्हणाला, ये की बसायला. औषधवाल्या गृहस्थांना कळवायचं काम वहिनींनी घेतलं. नकार स्पष्ट कळवणं कोणाला जमत असेल तर त्यांनाच.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनींची गाडी होती. सकाळी मधली कामाला बसली. आणखी एका आरामखुर्चीच्या तिरक्या फेऱ्या चालल्या होत्या. दारात सावली पडली म्हणून तिने मान वर केली, तर दादा. सामान त्याने बाहेरच ठेवलं होतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला, आणि तिच्या लक्षात आलं की हा नेहमी असाच उंबऱ्यात नाहीतर दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा, टाकीच्या बाजूला कधी यायचा नाही. आज तो आला. टाकीपाशी उभा राहून पाण्याकडे बघत राहिला.

"मधले," तो म्हणाला, "तुला हे आवडतं?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. वडिलांनी पट्टी हातात दिली होती, पण विचारून दिली नव्हती. गिऱ्हाइकं विचारत, कधी होईल. शेजारी विचारत, यात भागतं का. आवडतं का, हे तिने स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

"हो," ती म्हणाली. "फार."

दादाने रुमाल काढून नाक पुसलं. वेताचा वास, असं काहीसं तो पुटपुटला. रुमाल घडी करून खिशात ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

"सगळा जन्म मला वाटत राहिलं," तो म्हणाला, "की मी तुझं वाटोळं केलं. सांगायचं तरी होतंस."

मधलीने पट्टी खुंटीने अडकवली आणि हात पदराला पुसले.

"तू विचारायचं होतंस, दादा."